फुंकण्याआधी उंची: वयस्कांच्या फुप्फुसांच्या तपासणीसाठी शरीराची मापं कशी घ्यावीत

पीएफटीचा, म्हणजे मशीनमध्ये फुंकून केलेल्या फुप्फुसांच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की नातेवाइकांची नजर थेट टक्क्यांवर जाते. ‘७६ टक्के म्हणजे बरं की वाईट?’ हा प्रश्न ठरलेला. हे ७६ टक्के नेमके कशाचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. मशीन मोजतं ते फक्त लिटर. त्या वयाच्या आणि त्या उंचीच्या निरोगी माणसाने किती लिटर हवा फुंकायला हवी होती, हा अपेक्षित आकडा ते समीकरणातून काढतं. त्यासाठी लागणारं वय, लिंग आणि उंची आपण टाइप केलेली असते. आपण चुकलो तर मशीन तक्रार करत नाही, चुकीचे टक्के मात्र व्यवस्थित छापून देतं.

तरुण माणसात हे सहसा निभावतं. साठीनंतर उंची कमी होते, पाठीला बाक येतो, गुडघे वाकतात, जन्मतारखेचा पत्ता नसतो. म्हणून हा लेख पीएफटी करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी, नर्स आणि फिजिओथेरपिस्टसाठी आणि आई-वडिलांना तपासणीला घेऊन जाणाऱ्या मुला-मुलींसाठी आहे.

सहा सेंटीमीटरची किंमत

आधी एक हिशोब करू. एफव्हीसी म्हणजे छाती भरून घेतलेला श्वास जोर लावून पूर्ण रिकामा केल्यावर बाहेर पडलेली एकूण हवा. एफईव्ही१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर आलेली. अनेक जुन्या मशीनमध्ये १९९३ची युरोपीय समीकरणं भरलेली असतात. त्यात बाईच्या अपेक्षित एफव्हीसीचं सूत्र असं आहे: ४.४३ गुणिले उंची (मीटरमध्ये), वजा ०.०२६ गुणिले वय, वजा २.८९.

सत्तर वर्षांच्या एक आजी घ्या. मुलाने सवयीने उंची सांगितली १५४ सेंमी. सूत्राप्रमाणे अपेक्षित एफव्हीसी आली २.११ लिटर. आजींनी फुंकले १.६० लिटर, म्हणजे ७६ टक्के. आता पट्टीखाली उभं करून मोजलं तर उंची भरली १४८. अपेक्षित आकडा उतरला १.८५ वर आणि त्याच १.६० लिटरचे झाले ८७ टक्के. फुप्फुसं तीच, फुंकरही तीच, पण पहिल्या रिपोर्टवर ‘फुप्फुसं आकसली आहेत का पाहा’ असा शेरा पडू शकतो आणि दुसऱ्यावर ‘नॉर्मल’.

२०१२ साली आलेल्या जीएलआयच्या (ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह या आंतरराष्ट्रीय गटाच्या) समीकरणांत उंचीचा परिणाम सरळ रेषेत न वाढता घाताने वाढतो. ढोबळ हिशोब सांगायचा तर उंचीत १ टक्का चूक झाली की अपेक्षित आकड्यात सव्वादोन-अडीच टक्के चूक होते.

एक दिलासा आहे. एफईव्ही१ला एफव्हीसीने भागून येणारं गुणोत्तर उंची चुकल्याने बदलत नाही, कारण दोन्ही आकडे मोजलेले असतात. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आहे की नाही हे या गुणोत्तरावरून पाहतात, त्यामुळे त्या निदानाला उंचीचा धक्का लागत नाही. आजार किती पुढे गेलाय हे मात्र एफईव्ही१च्या टक्क्यांवर ठरतं (८०, ५० आणि ३० या रेषांवर), आणि तिथे उंची पुन्हा आडवी येते.

जाता जाता रिपोर्टच्या कोपऱ्यात कोणतं समीकरण वापरलंय ते वाचा. ती १९९३ची युरोपीय समीकरणं १८ ते ७० वर्षांसाठी बनवलेली होती. ऐंशीच्या आजोबांना ती लावणं म्हणजे रेघ अंदाजाने पुढे ओढणं. जीएलआयची समीकरणं ९५ वर्षांपर्यंत चालतात, आणि २०२२ची जीएलआय ग्लोबल आवृत्ती वंशही विचारत नाही. मशीनमध्ये पर्याय असेल तर वयस्कांसाठी जीएलआय निवडा. एकदा निवडलं की दर वेळी तेच ठेवा, नाहीतर दोन रिपोर्टांची तुलना करता येणार नाही.

पहिली पायरी: वय

महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, अशी थट्टा आपण करतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली, तीच पुढे दाखल्यावर आणि आधारवर आली. शाळेत न गेलेल्या आजींच्या बाबतीत तर आधार केंद्रावरच्या माणसाने चेहरा पाहून साल टाकलेलं असतं.

वरच्याच जुन्या समीकरणांत दर वर्षाला बाईची अपेक्षित एफईव्ही१ २५ मिलिलिटरने आणि पुरुषाची २९ मिलिलिटरने उतरते. पाच वर्षांचा घोळ झाला तर १२५ ते १४५ मिलिलिटर इकडचे तिकडे होतात. मुळात दीड लिटरच फुंकणाऱ्या माणसासाठी हा फरक लहान नाही.

शंका आली तर साल विचारत बसू नका, प्रसंग विचारा. ‘पानशेत फुटलं तेव्हा शाळेत जात होता का?’ (जुलै १९६१). ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का?’ (डिसेंबर १९६७). ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरला केवढा होता?’ अशा दोन प्रश्नांत वय बऱ्यापैकी जवळ येतं. कागदावरची जन्मतारीख बदलू नका, तो ओळखीचा पुरावा आहे. तफावत मोठी असेल तर ‘अंदाजे वय इतकं’ असा शेरा रिपोर्टवर लिहा.

दुसरी पायरी: उभं राहून उंची

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सांगितलेली उंची कधीच लिहू नका. माणूस आयुष्यभर पंचविशीतली उंची सांगतो. चाळिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण एक सेंटीमीटर कमी होतो आणि सत्तरीनंतर हा वेग वाढतो. मणक्यांमधल्या चकत्या चपट्या होतात, हाडं ठिसूळ झाली असतील तर मणके दबतात.

दुसरा सापळा फूट-इंचांचा. ‘५.३’ असं लिहिलेलं असतं, म्हणायचं असतं ५ फूट ३ इंच, म्हणजे १६० सेंमी. कॅल्क्युलेटरवर ५.३ ला ३०.४८ ने गुणलं की १६१.५ येतात. ५ फूट १० इंचांचं ‘५.१०’ लिहून तसंच गुणलं तर १७८ सेंमीचा माणूस १५५चा होतो. मोजा सेंटीमीटरमध्ये, लिहा सेंटीमीटरमध्ये, दशांशाच्या एका स्थळापर्यंत.

चपला-बूट आणि जाड मोजे काढायचे. टोपी, फेटा, रुमाल काढायचा. आजींचा अंबाडा डोक्याच्या माथ्यावर असेल तर तो सोडून किंवा मागे सारून घ्यायला सांगा. वरची सरकपट्टी अंबाड्यावर टेकली की दोन-तीन सेंटीमीटर फुकट मिळतात. ‘आजी, उंची मोजायचीय, अंबाडा जरा खाली घेता का?’ असं नीट विचारलं की कोणी नाही म्हणत नाही. गर्दीत घाई करून कुणाच्या डोक्याला हात घालू नये, एवढं पाहा.

पाय जुळवून, टाचा भिंतीला टेकवून उभं करा. नितंब आणि खांदे भिंतीला लागले पाहिजेत. डोकं मागे टेकत असेल तर उत्तम. टेकत नसेल तर जबरदस्तीने मागे ढकलू नका, हनुवटी वर जाते आणि माप बिघडतं. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आलं की नजर बरोबर समोर असते. मग सांगा, ‘मोठा श्वास घ्या, जमेल तेवढं ताठ व्हा, तसंच थांबा.’ त्याच क्षणी पट्टी खाली आणा, केस दबेपर्यंत टेकवा आणि डोळे पट्टीच्या पातळीवर आणून आकडा वाचा. बुटक्या तंत्रज्ञाने उंच आजोबांचा आकडा खालून वाचला तर तोही चुकतो, म्हणून एक पायरी किंवा स्टूल जवळ असू द्या.

पुन्हा एकदा मोजा. दोन मापांत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसरं घ्या आणि जवळच्या दोघांची सरासरी काढा. तोल जाणाऱ्या माणसाजवळ नातेवाइकाला बाजूला उभं ठेवा. सकाळच्या मानाने संध्याकाळी उंची सेंटीमीटरभर कमी भरू शकते, त्यामुळे पुढच्या तपासण्या शक्यतो त्याच वेळेला ठेवा.

घरी मोजायचं तर गुळगुळीत भिंत, गालिचा नसलेली फरशी, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आणि स्टीलची टेप पुरते. पुस्तकाची एक कड भिंतीला सपाट लावून दुसरी डोक्यावर टेकवा, पेन्सिलने खूण करा, माणूस बाजूला झाला की मोजा. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते. ती वापरायचीच असेल तर आधी स्टीलच्या पट्टीवर ताडून पाहा.

पाठ वाकलेली असेल तर

मघाच्या आजींकडे परत येऊ. पंचविशीत १५४, आज १४८. मग खरे किती टक्के, ७६ की ८७? पाठ सरळ असेल आणि उंची वयानुसार सावकाश उतरली असेल, तर १४८च घ्यायची. समीकरणं ज्या वयस्कांवरून बनली त्यांचीही त्या दिवशीची उंचीच मोजलेली होती, त्यांचंही वय झालेलंच होतं. पण आजींच्या पाठीला कुबड असेल, मणके दबले असतील, तर १४८ लिहून आपण फुप्फुसांना न कमावलेले गुण देतो. बाकामुळे छातीचा पिंजरा आखडलेला असतो, एफव्हीसी खरोखर घटलेली असते, आणि घटलेली उंची ती घट झाकून टाकते.

कुबड कितपत आहे ते पाहायची एक सोपी रीत आहे. टाचा आणि पाठ भिंतीला लावून नजर समोर ठेवायला सांगा आणि डोक्याचा मागचा भाग व भिंत यांच्यातलं अंतर मोजा. ते शून्य असायला हवं. हाताच्या दोन बोटांनी आणखी एक खूण पाहता येते: काखेच्या रेषेत शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यात दोन बोटंही मावत नसतील, तर कमरेचा मणका दबल्याची शंका घ्या.

अशा वेळी पंखविस्तार मोजायचा, म्हणजे दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर. पाठ भिंतीला, हात खांद्याच्या रेषेत आडवे, तळवे पुढे, कोपरं ताठ. टेप छातीसमोरून नेऊ नका, भिंतीवर खुणा करून नंतर मोजा. मधुमेही लोकांत खांदा आखडलेला असणं नेहमीचंच, पक्षाघात झालेला असेल तर एक हात उठतच नाही. मग चांगल्या बाजूचं अर्धं माप घ्या: गळ्याखालच्या खाचेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि दुप्पट करा.

पंखविस्तार जसाच्या तसा उंचीच्या रकान्यात टाकणं ही मला सर्रास दिसणारी गफलत. बहुतेक प्रौढांचे पसरलेले हात उंचीपेक्षा थोडे जास्तच भरतात, आणि हा फरक बायका-पुरुषांत आणि समाजा-समाजांत वेगळा असतो. सरळ टाकलं तर अपेक्षित आकडा फुगतो आणि फुप्फुसं आहेत त्याहून वाईट दिसतात. तुमच्या प्रयोगशाळेने ठरवलेलं सूत्र वापरा आणि रिपोर्टवर ‘उंची पंखविस्तारावरून’ असं स्पष्ट लिहा. बाक नसलेल्या माणसाला मात्र सोय म्हणून पंखविस्तार लावू नका.

अर्ध्या विस्ताराचं आणखी एक माप आहे, ते टोकापर्यंत न जाता मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत घेतात. त्याची सूत्रं अशी: बायकांसाठी १.३५ गुणिले माप, अधिक ६०.१. पुरुषांसाठी १.४० गुणिले माप, अधिक ५७.८. आजींचं माप ६६ सेंमी आलं तर उंची १४९.२. ही सूत्रं युरोपीय लोकांवरून काढलेली आहेत, हे ध्यानात ठेवा.

खाटेवरच्या किंवा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला गुडघ्याची उंची बरी. गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात, तळपायापासून गुडघ्याच्या वाटीच्या जरा मागे मांडीच्या वरच्या पृष्ठापर्यंत. यासाठी मोठा कॅलिपर लागतो, नसेल तर दोन सपाट फळ्या आणि टेप. साठीपुढच्यांसाठीचं सूत्र: पुरुषांना ६४.१९ वजा (०.०४ गुणिले वय) अधिक (२.०२ गुणिले गुडघ्याची उंची), बायकांना ८४.८८ वजा (०.२४ गुणिले वय) अधिक (१.८३ गुणिले गुडघ्याची उंची). ७६ वर्षांच्या बाईचा गुडघा ४४ सेंमी भरला तर उंची १४७.२. हे अमेरिकन गोऱ्या वयस्कांवरचं सूत्र, तेव्हा आपल्याकडे याला अंदाज म्हणूनच वागवा.

कोपराच्या टोकापासून मनगटाच्या बाहेर आलेल्या हाडापर्यंतचं मापही घेतात, तळहात विरुद्ध खांद्यावर ठेवून. त्याचे तक्ते तयार मिळतात, त्यात ६५च्या पुढचे रकाने वेगळे असतात. चुकून ६५च्या आतल्यांचा रकाना वाचू नका.

गुडघे धनुष्यासारखे वाकलेले असतील तरी उभी उंची कमी भरते, आणि त्याचा फुप्फुसांशी काहीच संबंध नसतो. अशांनाही पंखविस्तार लावणं रास्त.

जुनी उंची हवी असेल तर निवृत्त सरकारी माणसाला सेवापुस्तिका शोधायला सांगा. पहिल्या पानावर बूट काढून मोजलेली उंची लिहिलेली असते. पोलीस आणि सैन्यातल्यांकडे भरतीची नोंद असते. त्या उंचीपेक्षा आजची ४ सेंमी किंवा जास्त कमी असेल, तर फुप्फुसांचं राहू द्या, आधी मणक्याच्या एक्स-रेबद्दल डॉक्टरांशी बोला.

वजन, पोट, पोटरी

वजन अपेक्षित लिटरच्या मुख्य समीकरणांत येत नाही, तरी लिहायचंच. चपला, मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा बाजूला. पायावर सूज असेल तर तसा शेरा हवा, कारण पाण्याचं वजन अंगाचं वाटतं आणि खालावलेला माणूस ठीक दिसतो.

बीएमआय काढताना उंचीचा घोळ पुन्हा डोकावतो. ४५ किलोच्या आमच्या आजींचा बीएमआय १४८ धरून २०.५ आणि १५४ धरून १९.० येतो. सीओपीडीत पुढचा धोका सांगणाऱ्या बोड निर्देशांकात २१ किंवा त्याखालचा बीएमआय एक गुण वाढवतो, म्हणजे इथे बारीक असणं कौतुकाचं नाही. पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा: आशियाई निकषांनुसार पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंमीच्या खाली आला तर स्नायू झिजल्याची शंका घेतात. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, आता हाडकुळ्या झालेल्या आणि जिना चढताना धापा टाकणाऱ्या बाईत हे माप विशेष बोलकं असतं.

दुसऱ्या टोकाला सुटलेलं पोट. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा, श्वास सोडल्यावर. भारतीय पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंमीच्या पुढे पोटाची चरबी जास्त धरतात. पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं, साधा श्वास सोडल्यावर आत उरणारी हवा आधी घटते. आडवं पडल्यावर दम लागतो असं सांगणाऱ्यांमध्ये हे आठवा.

छातीचा फुगवटा

टेप स्तनाग्रांच्या पातळीवर, बायकांत स्तनांच्या खाली, छातीभोवती आडवी. बायकांचं माप बाईनेच घ्यावं, पातळ ब्लाउजवरून चालतं. पूर्ण श्वास सोडायला लावून एक आकडा, पूर्ण भरायला लावून दुसरा. तीनदा करा आणि सर्वांत मोठा फरक लिहा. धडधाकट तरुणात तो ५ सेंमीच्या आसपास किंवा जास्त असतो, वयाने बरगड्यांचे सांधे आखडले की उतरतो. अडीच सेंमीच्या खाली गेला तर डॉक्टरांना सांगा. हे माप स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे मशीनमध्ये फुंकण्याच्या तपासणीच्या, जागी वापरायचं नाही. पण श्वासाचे व्यायाम चालू असतील तर दर महिन्याला तेच माप, त्याच जागी, त्याच हाताने घेतलं की फरक दिसतो.

मशीनपुढे बसताना

परकराची नाडी, नऊवारीची कंबर, पँटचा पट्टा सैल करा. घट्ट बसणारी कवळी तोंडात राहू द्या, ओठांना आधार मिळतो. हलणारी असेल तर काढा. हाताची खुर्ची, पाय जमिनीवर, नाकाला चिमटा. गेल्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा हार्ट अटॅक झाला असेल तर आधी सांगा, तपासणी पुढे ढकलतात. श्वासाच्या औषधाचा कोणता पंप (इन्हेलर) किती तास आधी थांबवायचा, की थांबवायचाच नाही, हे डॉक्टरांनाच विचारा.

नोंद आणि पुढची तपासणी

रिपोर्टवर उंचीच्या शेजारी तीन गोष्टी असाव्यात: ती मोजली की काढली, कोणत्या रीतीने, आणि कोणत्या तारखेला. उंची वर्षातून एकदा तरी नव्याने मोजा. पाठीला बाक असणाऱ्यांची दर वेळी मोजा.

तुलना करताना टक्के बाजूला ठेवून लिटर पाहा. ६७व्या वर्षी एखाद्या आजींची उंची १५० आणि एफव्हीसी १.६० लिटर असेल, तर जुन्या समीकरणाने ७९ टक्के. ७०व्या वर्षी उंची १४७ आणि एफव्हीसी १.५५ लिटर असेल, तर ८६ टक्के. हवा ५० मिलिलिटरने घटली आणि टक्के सातने वाढले! घरचे खूश होऊन निघतात. त्यांना दारातच थांबवा आणि दोन्ही रिपोर्टवरची उंची दाखवा: तीन वर्षांत गेलेल्या तीन सेंटीमीटरसाठी हाडांची घनता आणि मणक्याचा एक्स-रे काढायचा का, हे याच भेटीत डॉक्टरांना विचारायचं आहे.